बसलेल्या नजरेचे घर

भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांड्यांच्या एका दुकानावर आमची माडी होती आणि त्या माडीवर आमचे काम चाले. काम म्हणजे न बांधलेल्या घरांची चित्रे काढणे. घर बांधू पाहणारे लोक इंजिनिअरकडून नकाशा करून घेत, तो निळसर कागद आमच्याकडे आणत, आणि घर उभे राहिल्यावर ते कसे दिसेल हे आम्ही रंगांत काढून देत असू. नकाशा वाचणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे. त्यात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा, दार म्हणजे वर्तुळाचा एक तुकडा, जिना म्हणजे कंगव्याचे दाते. ज्याला हे कोणी शिकवलेले नसते तो नकाशासमोर मान डोलावतो, इंजिनिअरसाहेबांना बरोबर आहे म्हणतो, आणि घरी जाऊन बायकोला काहीच सांगू शकत नाही. आमचे चित्र त्या बायकोसाठी असे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

मी मुलींच्या शाळेत चित्रकला आणि भूमिती शिकवत असे. माझे यजमान एका कचेरीत नकाशे काढत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ती नोकरी सोडली आणि आम्ही ही माडी भाड्याने घेतली. यजमान झाडीपट्टीतले, जिथे धान निघाले की गावोगाव नाटके होतात. तरुणपणी त्यांनी आपल्या भागातल्या नाटकमंडळींसाठी पडदे रंगवले होते: रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा. बांबूला गुंडाळलेला पडदा दोरीने खाली सोडला की राजवाड्याच्या जागी जंगल येई. त्या हाताला मोठे रंग आणि मोठे आकाश यांची सवय होती. माझ्या हाताला पट्टी आणि टोकदार पेन्सिल यांची. त्यामुळे रेषा माझ्या आणि रंग त्यांचे, अशी वाटणी न ठरवताच झाली.

दुकानाच्या मागच्या अंगणात दिवसभर भांडी ठोकत. हातोडा पडला की आमचा लाकडी मजला हलके थरथरे. शाळेतून आल्यावर मी रेषा आखायला बसे तेव्हा दोन ठोक्यांच्या मधली शांतता हेरून पेन ओढावा लागे. पुढे ते अंगवळणी पडले. अंगणाला सुट्टी असली की माझीच रेषा चुके.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. सरळ रस्त्याच्या दोन कडा दूर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि एका बिंदूत मिळतात, हे सर्वांनी पाहिलेले असते. घराच्या चित्रातही तसेच असते. छताची कड, ओट्याची कड, खिडक्यांच्या चौकटी, या साऱ्या डावीकडे एका आणि उजवीकडे एका बिंदूकडे धावतात. हे दोन्ही बिंदू एकाच आडव्या रेषेवर असतात, आणि ती रेषा, म्हणजे क्षितिज, पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. घर मोठे काढायचे तर हे बिंदू कागद लावलेल्या फळ्याच्या बाहेर, भिंतीवर जात. आम्ही तेथे खिळे ठोकले होते. खिळ्याला दोरा बांधायचा, तो ताणून फळ्यावर आणायचा आणि त्याच्या कडेने रेषा ओढायची. उजवा खिळा दाराच्या पलीकडच्या चौकटीत होता. त्यामुळे काम चालू असताना दोरा दारातून आडवा जाई आणि येणारा प्रत्येक माणूस त्याखालून वाकून आत येई. काहींना हा देवळासारखा रिवाज वाटे. ते वाकताना चपलाही काढत.

शाळेत हा धडा शिकवताना मी टेबलावर एक खोका ठेवत असे. मुलींना आधी बाकावर उभे करी: खोक्याचे झाकण दिसे. मग जमिनीवर बसवी: झाकण नाहीसे होई. खोका हलला का? नाही. मग बदलले काय? पहिल्याच खेपेला उत्तर देणारी एखादीच असे. मी त्यांना सांगे की क्षितिज जमिनीला चिकटलेले नसते, ते आपल्या डोळ्यांना चिकटलेले असते, आणि आपण बसलो की तेही आपल्याबरोबर बसते.

मात्र माडीवरची आमची सारी चित्रे उभ्या माणसाच्या डोळ्यांनी काढलेली असत. तसाच त्या धंद्याचा प्रघात होता. रस्त्यावर उभा राहिलेला धडधाकट पुरुष घराकडे पाहतो आहे, असे धरून चालायचे. दारात, घराची उंची कळावी म्हणून, एक बाई उभी काढायची. खिळे ठोकून बसवलेले होते आणि ते हलवण्याची वेळ कधी आली नव्हती.

ती वेळ अड्याळच्या एका धान व्यापाऱ्यामुळे आली. घरची शेती, गावातच धानाची खरेदी, वय पन्नाशीच्या पुढे. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना काकाजी म्हणू लागले आणि ते मला बाई. धान कापणीला यायच्या थोडे आधी ते नकाशा घेऊन आले, दोऱ्याखालून वाकले, स्टुलावर बसले आणि नकाशा न उघडता बायकोबद्दल बोलू लागले.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिला मोठा ताप आला होता. ताप गेला, पण कमरेखालचे बळ घेऊन गेला. गावच्या सुताराने चार लहान चाके लावून एक पाट करून दिला होता. त्यावर बसून, दोन्ही हातांनी जमीन रेटत ती घरभर फिरे. जुने घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, सखल जागेत. पावसाळ्यात जमिनीला ओल सुटे आणि तिचे हात सुजत. आता हातच तिचे पाय होते. डॉक्टरांनी कोरड्या जागी न्या म्हणून सांगितले होते. काकाजींनी तलावाच्या दुसऱ्या अंगाला, सडकेकडेच्या उंच जमिनीवर जागा घेतली, नकाशा केला. ती मात्र नवीन घराचा विषय निघाला की डाळ निवडू लागे. नाही म्हणत नसे आणि हो म्हणत नसे.

मी म्हटले, काकाजी, घर बांधून झाले की त्या येतीलच. गावातले सगळे त्यांना हेच सांगत होते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले.

"येईन न ते. मी उचलून नेली तं कुठं जाते?" ते म्हणाले. "पन उचलून नेलं, तं मंग ते सामानच झालं, बाई. तिनं हो म्हटल्याबिगर मी पायवा खंदत नाई."

पुढच्या पावसाआधी पाया भरायचा होता. तेवढ्या अवधीत तिचा होकार हवा होता आणि तो चित्राने मिळेल, अशी त्यांची आशा होती.

चित्र खरोखर चांगले झाले. सडकेवरून दिसणारे दुमजली घर, पुढे लांब पडवी, पडवीला मांडीच्या वर येणारा भरीव कठडा, आणि कठड्यावर बाहेरच्या बाजूने प्लास्टरची कमळे. ही कमळे काकाजींनी हौसेने नकाशात घालायला लावली होती. यजमानांनी मागे झाडांची रांग आणि वर नाटकाच्या पडद्याला शोभेल असे आकाश दिले. दारात रिवाजाप्रमाणे एक बाई उभी होती.

काकाजी म्हणाले की मी दाखवले तर ती माझ्या तोंडाकडे पाहील, चित्राकडे पाहणार नाही, तुम्हीच चला. म्हणून एका रविवारी चित्र दोन पुठ्ठ्यांत बांधून, ते मांडीवर उभे धरून, मी एसटीने अड्याळला गेले.

काकू पडवीत पाटावर बसून लाखोळीची डाळ निवडत होत्या. गोरी, हसऱ्या डोळ्यांची बाई, दंड मात्र पैलवानासारखे. त्यांनी सूप बाजूला ठेवले, पदराला हात पुसले आणि चित्र बराच वेळ पाहिले.

"लगनात बी हा मानूस इतका सजला नव्हता," त्या घराकडे बोट दाखवून नवऱ्याविषयी मला म्हणाल्या. मग विचारले, "चांगलं आहे. कोन राह्यते इथं?"

"तू," काकाजी म्हणाले.

"मी कुठं आहो?"

काकाजींनी दारातल्या बाईवर बोट ठेवले. काकूंनी तिला नीट पाहिले. "हे तं उभी आहे," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. वर्गात एखादी मुलगी फळ्यावरची बेरीज चुकली आहे असे शांतपणे सांगते, तसे ते होते. काकाजी चहाचे पाहतो म्हणून आत गेले.

ते गेल्यावर काकूंनी जवळची जमीन हाताने झाडली आणि मला खाली बसायला सांगितले. मी बसले. शेणाने सारवलेली ती जुनी पडवी पुढून पूर्ण उघडी होती. तिचे छत इतके उतरते होते की उभ्या माणसाला पाळीवरचे काहीच दिसले नसते, पण आम्हाला सारे दिसत होते. पाळीवरून विळे घेऊन जाणाऱ्या बाया, त्यांच्यामागे म्हशी, पाळ जेथे खचली होती तेथे पाण्याच्या कडेला एका पायावर उभा बगळा. जाणाऱ्या बायांपैकी एकीने वाकून छताखालून आत पाहिले आणि जेवण झाले का, असे विचारले. काकूंनी काय रांधले ते सांगितले. दुसरीने काहीतरी टोमणा मारला आणि काकू मोठ्याने हसल्या. गाव त्या पडवीसमोरून जात होते आणि जाताना वाकत होते.

"हे म्हनतेत का तिकडूनबी तराव दिसते," काकू म्हणाल्या. "याईले दिसते. हे उभे राह्यते न." तराव म्हणजे तलाव. मग त्यांनी चित्रातल्या कठड्यावर बोट फिरवले. "ह्याच्या मांगं मी बसली, तं मले काय दिसन?"

उत्तर मला ठाऊक होते. तरी मी शिक्षिका होते आणि अंदाजाने उत्तर देणे मला कधी जमले नाही. मी म्हटले, काकू, काढून पाहते आणि मग सांगते.

त्या संध्याकाळी माडीवर यजमानांशी माझा थोडा वाद झाला. त्यांचे म्हणणे असे की आपल्याला घराचे चित्र काढायचे काम मिळाले आहे, घर बदलायचे नाही. तिला भिंत दिसते हे आपणच काढून दाखवले, तर ती कधी हो म्हणणार नाही. आणि तो होकार मिळावा म्हणून तर तो माणूस आपल्याकडे आला. हे म्हणणे चुकीचे नव्हते. मग त्यांनी मध्यम वाट सुचवली: चित्र बसलेल्या नजरेने काढू, फक्त कठडा थोडा बुटका दाखवू. पडद्यावर असे चालत असे. मी म्हटले की नकाशात कठड्याची उंची लिहिलेली आहे. तेवढाच तो निघेल. 

दुसऱ्या दिवशी शाळेतून परतले तेव्हा ते बाजारात गेले होते. फळ्यावर नवा कागद ताणून लावलेला होता, आणि भिंतीवरचे दोन्ही खिळे उपटून चार बोटे खाली ठोकलेले होते. जुन्या जागी चुन्याने बुजवलेली दोन ओली भोके होती. मी पेन्सिलींना टोक काढले आणि कामाला बसले.

कागदावर चार बोटे म्हणजे काहीच नव्हे. पण त्या चार बोटांनी ते घर मला ओळखू येईना. पडवीत बसलेल्या बाईच्या डोळ्यांनी पाहिले तेव्हा कठडा वर वर आला, सडक गिळून बसला, पाणी गिळून बसला, आणि त्याच्यावर आकाशाची एक पट्टी तेवढी उरली. खोलीतल्या खिडकीतून एका झाडाचा शेंडा दिसला. यजमानांनी ते चित्र नेहमीपेक्षा अधिक मन लावून रंगवले. कठड्याच्या आतल्या बाजूचे प्लास्टर, त्यावर दुपारची सावली. त्या चित्राला सर्वांत जास्त रंग भिंतीचाच लागला.

काकाजी बाजारच्या दिवशी आले. मी चित्र त्यांच्यासमोर ठेवले आणि ते कोठे बसून पाहिले आहे ते सांगितले. त्यांना पटकन उमगले नाही. मग ते स्टुलावरून उतरून जमिनीवर बसले, चित्र भिंतीला टेकवले आणि पाहत राहिले. खाली हातोडे चालू होते.

"मी तिच्यासाठी कमळं काढाले सांगितले होते," ते म्हणाले. "तिले तं कमळाची पाठच दिसन."

यजमान उठून चहा सांगायला गेले. परत आले तेव्हा काकाजी नकाशा उलगडून मला विचारत होते की ही भिंत असलीच पाहिजे असा काही कायदा आहे का. मी म्हटले, नाही, इंजिनिअरसाहेबांना विचारा. ते तडक गेले. साहेब आधी नाराज झाले, कारण कठड्यामुळे घराला भारदस्तपणा येतो असे त्यांचे मत होते. पण शेवटी त्यांनी भरीव कठड्याच्या जागी थेट फरशीपर्यंत येणारी लोखंडी जाळी दिली, खिडक्यांच्या खालच्या कडा जमिनीजवळ आणल्या आणि पायऱ्यांच्या बाजूने एक उतार काढला. सुधारलेला नकाशा आमच्याकडे आला.

आता चित्र काढणे सोपे होते, पण काकाजींनी नवीन अडचण मांडली. एका चित्रात एका जागेवरून पाहिलेले दिसते. काकू काही एका जागी बसून राहणाऱ्या नव्हत्या. दिवसभर त्यांचा पाट घरात फिरे. हे ऐकून यजमान त्याच संध्याकाळी सुताराकडे गेले आणि दोन गोल काठ्या घेऊन आले.

त्यांनी जी वस्तू केली तिला आम्ही पेटी म्हणत असू. पुढे काच लावलेली एक लाकडी पेटी, आत वर आणि खाली दोन काठ्या, काठ्यांवर गुंडाळलेली लांब कागदाची पट्टी आणि बाहेर एक मूठ. मूठ फिरवली की नाटकाच्या पडद्याप्रमाणे पट्टी सरके आणि काचेमागे एकामागून एक चित्रे येत. प्रत्येक चित्र मागच्या चित्रापेक्षा थोडे पुढे जाऊन पाहिलेले. थोडे म्हणजे किती? चालणाऱ्या माणसाचे पाऊल येथे उपयोगाचे नव्हते. मी काकाजींना सांगितले की काकूंचा पाट एका रेट्यात किती सरकतो ते मोजून आणा.

ते दोरीला गाठ मारून माप घेऊन आले आणि हसू लागले. काकूंना न सांगता मोजावे म्हणून दोरी घेऊन ते त्यांच्या मागे मागे फिरले होते. शेवटी काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "कायचं माप घेऊन राहिले? मले का झूल शिवता?"

त्या गाठीच्या मापाने मी चित्रे आखली. खोलीतल्या खाटेपासून दारापर्यंत, दारातून पडवीत, पडवीतून जाळीपर्यंत. हिवाळाभर आम्ही दोघे तेच करत होतो. इतर कामे बाजूला पडली आणि लोकांची बोलणी आम्ही खाल्ली. खिळे चार बोटे खालीच राहिले. दारातून जाणारा दोराही तेवढाच खाली आल्यामुळे रोजची माणसे सवयीने वाकत आणि तरी कपाळाला दोरा लागे. यजमान म्हणत की आता लोक खरे वाकायला शिकतील. पट्टी वाळल्यावर त्यांनी पेटीत बसवली आणि मूठ जरा जोराने फिरवली. खोलीची भिंत सरसर मागे गेली, दार मोठे झाले, उंबऱ्याची पट्टी खालून गेली आणि समोर पाणी उघडले. आम्ही दोघांनी जमिनीवर बसून ते पुन्हा पुन्हा पाहिले. यजमानांनी मला विचारले की तिला आवडेल का. मी म्हटले, माप बरोबर आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पेटीची काच पुसली.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा आम्ही दोघे पेटी घेऊन अड्याळला गेलो. पाऊस फार लांब नव्हता. काकूंच्या पाटासमोर पेटी ठेवली. मूठ कशी फिरवायची ते मी एकदा दाखवले आणि बाजूला बसले. काकाजी अंगणात जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांना बैलाच्या दाव्याचे काहीतरी काम निघाले होते. ते दावे ते सोडत आणि पुन्हा बांधत.

काकूंनी मूठ हळू फिरवली. खोली. दार. उंबरा आला तेथे त्या थांबल्या आणि उंबरा केवढा उंच आहे ते विचारले. उंबरा नाहीच, नुसती पट्टी आहे, चाक अडत नाही, असे मी सांगितले. मग पडवी, जाळी, जाळीपलीकडे सडक, सडकेपलीकडे तलाव. शेवटच्या चित्रात पाण्याच्या पलीकडच्या काठावर एक लहानसे उतरते छत होते. ते मी सुंदर दिसावे म्हणून घातलेले नव्हते. त्या जागेवरून पाहिले असता तेथे तेच दिसणार होते.

"हे आपलं घर," काकू हळूच म्हणाल्या. आम्ही बसलो होतो तेच.

त्यांनी मूठ उलटी फिरवली. त्या परत खोलीत गेल्या, परत बाहेर आल्या. असे कितीदा तरी. यजमान पडवीच्या खांबाकडे पाहत होते. पाळीवरून कोणी बाई वाकून आत डोकावली, पण या वेळी काकूंचे डोळे काचेवरून हलले नाहीत.

मग त्यांनी मूठ शेवटच्या चित्रावर थांबवली. "बाई, याच्यात एक चूक आहे."

मी मनात सारी मापे पुन्हा तपासली. खोली, उतार, जाळीची उंची. काही सापडेना. कोठे, असे मी विचारले.

"हे कुठं आहेत?" त्या म्हणाल्या आणि हनुवटीने अंगणाकडे दाखवले. तेव्हा माझ्या लक्षात आले की साऱ्या पट्टीत एकही माणूस नव्हता. दारातल्या उभ्या बाईचा प्रसंग आठवून मीच या वेळी कोणाला घातले नव्हते. मी म्हटले, काढते की. काकाजींना जाळीजवळ उभे दाखवते.

"उभे नोका काढू. उभे असले का मले याईचे गुडघेच दिसते. इतले वर्स गुडघ्याईसंगच बोलून राहिली मी." त्यांनी जाळीजवळची रिकामी जागा बोटाने दाखवली. "इथं बसवा. बाजूले."

अंगणात दाव्यावरचे हात थांबले. काकाजी वळले. त्यांनी सारे ऐकले होते, पण बहुधा त्यातून काय निघाले हे त्यांना धरता आले नव्हते. ते पडवीपर्यंत आले आणि छताखालून वाकून त्यांनी विचारले, "अवो, मंग हो का नाई?"

"पयले बसून तं दाखवा," काकू म्हणाल्या.

ते बसले. आधी उकिडवे, मग काकूंनी नुसते पाहिले तेव्हा मांडी घालून. माझ्याजवळ पेन्सिल होती. मी पेटीची काच काढली आणि त्यांना समोर पाहून त्या शेवटच्या चित्रात आखू लागले. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याला स्वस्थ बसण्याची सवय नव्हती. ते सारखे हलत आणि काकू त्यांना हलू नका म्हणून बजावत. टोपी काढू का, असे त्यांनी विचारले. असू द्या, त्या म्हणाल्या, नाहीतर लोकाईले वाटन पाहुना आला. यजमानांनी खिशातून रंगाची एक लहान डबी काढली. ती त्यांनी बरोबर घेतली आहे हे मला माहीत नव्हते. त्यांनी टोपीला पांढरा आणि सदऱ्याला फिकट पिवळा रंग दिला. काकूंनी पाहिले आणि सांगितले की सदरा पांढरा करा, पिवळ्या रंगात हे आजारी दिसतात.

पायवा त्याच महिन्यात खणला. घर पुरे व्हायला मधला एक पावसाळा गेला आणि तो काकूंनी जुन्या पडवीतच, सुजलेल्या हातांनी काढला. त्यानंतरच्या पावसाआधी त्या नव्या घरी राहायला गेल्या. पाट उतारावरून वर गेला तो त्यांनीच रेटून नेला, मागून कोणी हात लावू दिला नाही, असे काकाजींनी बाजाराला आले तेव्हा आम्हाला सांगितले. दोरा त्यांच्या कपाळाला लागला आणि ते हसले. खिळे आम्ही अजून वर नेले नव्हते.

पुढे आम्ही दोन्ही उंचीचे खिळे ठेवले. नकाशा घेऊन कोणी आले की मी आधी विचारत असे की घरात दिवसभर कोण असते आणि ते कोठे बसते. काही लोकांना हा प्रश्न विचित्र वाटे. काही जण बराच वेळ विचार करत, आणि मग म्हणत की घरी विचारून सांगतो.

काही वर्षांनी, रोवणा म्हणजे धानाची लावणी चालू असताना, मी एकदा अड्याळला जाऊन आले. सडकेवर एसटीतून उतरले तेव्हा घर ओळखू आले, जरी या उंचीवरून त्याचे नीट चित्र आम्ही नंतर कधी काढलेच नव्हते. पडवीत काकू पाटावर होत्या आणि शेजारी जमिनीवर काकाजी मांडी घालून धानाचे नमुने तपासत होते. प्लास्टरची कमळे त्यांनी सोडली नव्हती. ती आता आतल्या भिंतीवर होती, खाली, पाटावर बसलेल्या माणसाचा हात सहज पोचेल अशा उंचीवर. एका कमळाची पाकळी हात लागून लागून गुळगुळीत झाली होती.

मला पाहून काकाजी उठू लागले. काकूंनी त्यांच्या सदऱ्याचे टोक धरले आणि मला आपल्या दुसऱ्या बाजूची जमीन झाडून दिली. मी चपला काढून बसले. जाळीतून सडक दिसत होती, सडकेपलीकडे पाणी, आणि पाण्यापलीकडच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पऱ्ह्यांची रोपे घेऊन वाकलेल्या बायांची रांग. पाळीवरच्या बाया आता येथवर येतात का, असे मी विचारले. काकू म्हणाल्या की येतात, पण आता त्यांना वाकावे लागत नाही, म्हणून त्या बसूनच घेतात आणि मग लवकर उठत नाहीत.